बावन्न पुस्तकं आणि एक पान

वर्षाचे आठवडे बावन्न. आठवड्याला एक पुस्तक वाचलं, की वर्षाची पुस्तकंही बावन्न. हे गणित इतकं सरळ आहे, की ते मांडणाऱ्यानं कधी संसार केला नसावा अशी शंका येते. एक तारखेला वहीत मांडलेली शिल्लक आणि तीस तारखेला खिशात उरलेली शिल्लक यांच्यात जे अंतर असतं, तेच संकल्पातल्या आणि प्रत्यक्षातल्या वाचनात असतं. आठवड्याचे वार सात खरे, पण त्यातले वाचनाच्या वाट्याला किती येतात हे घरात पाच माणसं आणि बऱ्या उजेडाची एकच खुर्ची असल्याशिवाय कळत नाही.

हे गणित आमच्या घरात आणलं कन्येनं. ती पुण्याला असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नातीला घेऊन ती संभाजीनगरला आली, आणि बाकरवडीच्या पुड्यांबरोबर नव्या वर्षाचा वाचनसंकल्पही घेऊन आली. हल्ली संकल्प सोडायला पळीपंचपात्र लागत नाही, फोनमधलं एक ॲप लागतं. वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा त्यात भरायचा. मग ते ॲप अधूनमधून कळवतं, की तुम्ही तीन पुस्तकं मागे आहात. पूर्वी ही भाषा फक्त वाण्याच्या उधारीच्या वहीत ऐकू येई.

'बाबा, तुम्ही तर दिवसभर वाचतच असता. तुम्हाला बावन्न म्हणजे काहीच नाही,' असं म्हणून तिनं माझ्या नावावर बावन्न आकडा टाकलाही. वर सल्ला दिला, 'एक तारखेची वाट कशाला पाहता? सराव म्हणून हाच आठवडा धरा.'

मी दिवसभर वाचतो, हा समज आमच्या घरात सर्वमान्य आहे. वाचणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस, हे त्याचं पोटकलम. लसूण सोलणाऱ्याला कोणी 'काही करत नाहीस ना?' असं विचारत नाही. पुस्तक हातात धरलेल्याला मात्र हा प्रश्न तासाला दोनदा विचारला जातो, आणि त्यामागोमाग पिशवी येते.

असो. सरावाचा आठवडा सोमवारी सुरू झाला.

सोमवार गेला पुस्तक निवडण्यात. आमच्या कपाटात न वाचलेली पुस्तकं इतकी आहेत, की निवडायला एक दिवस म्हणजे काहीच नाही. पुस्तकं आणायची आणि न वाचता रचून ठेवायची, या सवयीला जपानी लोकांनी 'त्सुंदोकू' असा खास शब्द ठेवलाय. आमच्या सौभाग्यवतीकडे त्यासाठी मराठीतले बरेच शब्द आहेत, पण ते छापण्यासारखे नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि पाचवं, ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. पहिली चार सूत्रं हिला मान्य आहेत. आमचा वाद पाचव्यावर आहे. 'रंगनाथन घरातल्या गाद्या कुठं ठेवत होते, ते आधी विचारून या,' हे तिचं म्हणणं गेली तीस वर्षं मी खोडून काढू शकलेलो नाही.

तिचं स्वतःचं वाचन वेगळं. 'कालनिर्णय' १९७३ साली निघालं, आणि हिनं ते माहेरापासून मागच्या पानांसकट वाचलंय. मागच्या पानावरचे आरोग्यावरचे लेख, पाककृती, सगळं. 'वर्षाला बारा पानं, आणि एकही राहिलेलं नाही. तुझ्या त्या ॲपमध्ये टाक,' असं तिनं कन्येला बजावलं. कन्या नुसती हसली. ॲपमध्ये तशी सोय नसावी.

मंगळवार नळाचा होता. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. तो पाहुण्यासारखा येतो. दिवस सांगून आणि वेळ न सांगून. नाथसागर पैठणला, पन्नास किलोमीटरवर, आणि शहर त्याच्यापेक्षा उंचावर. एवढा चढ चढून येणाऱ्या पाण्याला वेळ विचारणं बरंही दिसत नाही. तेव्हा मी टाकीशेजारी खुर्ची टाकून पुस्तक उघडलं. एक डोळा पुस्तकात, एक कान नळाकडं. सात पानांनंतर नळानं खाकरल्यासारखं केलं. मी उठलो, त्यानं बेत बदलला. असं चारदा झालं. शेवटी खरोखरच पाणी आलं तेव्हा बादल्या, पिंप, कळशी, हंडा, पातेली आणि नातीची पाण्याची बाटली असा भरणा सुरू झाला. त्या दिवशी माझी अकरा पानं झाली, त्यातली तीन ओली.

बुधवारी मी वाचनालयात गेलो. घरात वाचता येत नाही तर वाचनालयात वाचावं, असा साधा विचार. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. ग्रंथालयांना शाळेतल्या तुकड्यांसारखे अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. पण खरा बदल झालाय तो वेगळाच. कथा-कादंबऱ्यांच्या विभागात मी, वाचनालयाच्या बाई आणि एक पंखा एवढेच होतो. शेजारच्या अभ्यासिकेत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. बीड, जालना, परभणी, हिंगोली, कुठून कुठून आलेली पोरं स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेली. आमच्या बावन्न पुस्तकांचं काय घेऊन बसलात. ही मुलं एकच पुस्तक बावन्न वेळा वाचतात.

चहाच्या टपरीवर त्यांच्यातल्या एकानं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. 'काका, कोणत्या परीक्षेला आहे हे?'

'कोणत्याच नाही.'

'मग वाचायलात कशाला?'

'असंच.'

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की तिच्यात कीव किती आणि हेवा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग 'भारी आहे,' म्हणाला आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन गेला. त्या दिवशी माझी पानं किती झाली ते मी मोजलं नाही.

गुरुवारी हुरडा होता. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत कोणी हुरड्याला बोलावलं आणि आपण 'वाचायचंय' असं सांगितलं, तर माणसं घरी बघायला येतात. शेतात आगटी पेटलेली, कोवळी ज्वारीची कणसं भाजून तळहातावर चोळून दिलेली, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मी पुस्तक नेलं होतं. त्याचा उपयोग झाला. मेव्हण्यांनी त्यानं आगटीला वारा घातला.

अशा रीतीनं शुक्रवार उजाडला तेव्हा माझी एकंदर चाळीस पानं झाली होती. पण या हिशेबात एक रक्कम धरलेलीच नाही, ती म्हणजे अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म १९३५ चा. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. जन्मभर वाचत आले. १९५७ साली आमच्या गावात मराठी साहित्य संमेलन भरलं, लघुनिबंधकार अनंत काणेकर अध्यक्ष होते. तेव्हाही बावीस वर्षांचे अण्णा मांडवात होते, असं ते सांगतात. आता मात्र त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. या दुखण्यात कडेचं दिसतं आणि नेमकं मधलं पुसलं जातं. 'दारात कोणी आलं की मला त्याचे कान दिसतात. नाकावरून ओळखायचं राहून जातं,' असं अण्णाच हसत सांगतात. पण अक्षराला कान नसतात. त्यामुळं वाचन बंद.

म्हणून रोज सकाळी पेपर आणि संध्याकाळी पुस्तक मी त्यांना वाचून दाखवतो. सध्या 'स्मृतिचित्रे' चालू आहे, चौथ्यांदा. मी पान उलटायच्या आत पुढं काय होणार ते अण्णा सांगतात, आणि तरीही मी एक ओळ गाळली तर तिथंच थांबवतात. कन्या म्हणाली, 'बाबा, आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा कशाला मोजायचं?' अण्णा म्हणाले, 'मग जेवण तरी कशाला मोजता? कालही वरणभातच होता.'

अण्णांची आणखी एक खोड आहे. पुस्तक कोणतंही असो, ते आधी शेवटचं पान ऐकतात. पेपरही मागून पुढं. याला कारण आहे. त्यांचं बालपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेलं. तिथं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं, पुढं शाळांची भाषा बदलली आणि अण्णा मराठीत आले. पण तोवर हाताला पुस्तक उजवीकडून उघडायची सवय लागून गेली होती. कोणी हटकलं तर ते वेरूळकडं बोट दाखवतात. 'कैलास लेणं आधी कळस, मग पाया असं वरून खाली कोरत आणलं. बाराशे वर्षं उभं आहे. मी शेवटापासून वाचलं तर काय पडणार आहे?'

आता आमच्या घरातली वाचनाची व्यवस्था अशी : अण्णा उजवीकडून डावीकडे, मी डावीकडून उजवीकडे, आणि नात अंगठ्यानं खालून वर.

शनिवारी या नातीनंच सगळा आठवडा उलटा केला. तिला शाळेनं सुट्टीचा अभ्यास दिला होता : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला त्याचं सर्वांत जुनं पुस्तक विचारा आणि त्यातलं एक पान वाचा. पणजोबा हजर असल्यानं तिला फार शोधावं लागलं नाही. अण्णा म्हणाले, 'माझ्या ट्रंकेत तळाशी बघ. धोतराखाली.'

ते पुस्तक मी लहानपणापासून पाहत आलोय. तळहाताएवढं, पुठ्ठा निघालेलं, उर्दू. अण्णांना सहावीत इनाम मिळालेलं. पहिल्या पानावर, म्हणजे आपल्या दृष्टीनं शेवटच्या, मास्तरांच्या हातचं काहीतरी लिहिलेलं आहे. अण्णांचं म्हणणं, की त्यात ते वर्गात पहिले आल्याचं लिहिलंय. माझ्या आईनं हे जन्मभर ऐकून घेतलं. 'असेल बाई. मला काय, ती लिपी थोडीच येते? नाहीतर एकदा बघितलंच असतं,' असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. ती वाचू शकत नव्हती आणि अण्णांना आता दिसत नाही. थोडक्यात, आमच्या कपाटात शेकडो पुस्तकं आहेत, आणि आमच्या घराविषयी ज्यात काही लिहिलंय असं जे एकच आहे, ते आम्हाला कोणालाच वाचता येत नाही.

नात म्हणाली, 'आजोबा, तुम्ही तर सगळं वाचता!'

यावर उत्तर नव्हतं. मी चपला घातल्या आणि कायदा आणायला निघालो. उर्दूच्या अंकलिपीला 'कायदा' म्हणतात, हे मला अण्णांनी त्याच वेळी सांगितलं. हिला मात्र ते स्वयंपाकघरात अर्धवट ऐकू गेलं. 'एका पुस्तकावरून कायद्यापर्यंत कशाला जाताय?' असं ओरडत ती दारापर्यंत आली.

आपल्या शहरात उर्दू कायदा मिळायला फार हिंडावं लागत नाही, हे मात्र खरं. इथं एकाच रस्त्यावर पाट्या दोन लिप्यांत आहेत. २०२१ पासून तर एका शाळकरी मुलीच्या पुढाकारानं मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची छोटी ग्रंथालयं उभी राहिली आहेत. दुकानदारानं कायदा पुढ्यात ठेवत विचारलं, 'पोते के लिए?'

मी म्हणालो, 'नाही, वडलांसाठी.'

त्यानं पैसे परत देताना माझ्याकडं दोनदा पाहिलं.

शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ आमची शाळा भरली. मास्तर अण्णा, विद्यार्थी मी आणि नात. मास्तरांना पाटी दिसत नव्हती, म्हणून त्यांनी बोटानं माझ्या तळहातावर अक्षरं काढली. नव्वदीच्या बापानं चौसष्टीच्या मुलाच्या हातावर अक्षर गिरवायचं, हा आमच्या घरातला तरी पहिलाच प्रसंग. 'बे', 'पे', 'ते' ही एकाच घडणीची अक्षरं. होडी तीच, फक्त बेच्या खाली एक टिंब, पेच्या खाली तीन, आणि तेच्या डोक्यावर दोन. माझी टिंबं सारखी होडीतून पडत होती. नातीची एकही पडली नाही.

आणखी एक गंमत कळली. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. शब्द आधी माहीत असेल तर वाचता येतो. हा नियम मला नवा नव्हता. आमच्या घरातली निम्मी बोलणी याच तत्त्वावर चालतात. पण शब्द माहीत असायला हवेत म्हणावं, तर ते निघाले सगळे ओळखीचे. कागद, दौत, शाई, दप्तर, हजर, मदत, बाजार. थोडे कपडे बदलून सगळे तिकडं बसलेले. परक्या गावी उतरावं आणि फलाटावर आपलीच माणसं घ्यायला यावीत, तसं झालं.

दुपारी अण्णा डुलक्या घेत असताना कन्येनं, नातीनं आणि मी ते पान खिडकीपाशी नेलं. शाई विटून गव्हाळ झालेली. अण्णांचं नाव नातीनं कायद्याशी ताडून ताडून लावलं. त्याच्या पुढं एक लहानसा शब्द. अक्षरं तीनच, आणि तिन्ही सुटी. मधलं 'वाव', त्यात शंका नाही. शेवटच्या अक्षराच्या जागी भोक. तिथं कसरीनं काही कसर ठेवली नव्हती. आता सगळं पहिल्या अक्षरावर. ते 'अलिफ' असेल, तर शब्द 'अव्वल'. आणि 'दाल' असेल, तर 'दोम', म्हणजे दुसरा. अलिफ म्हणजे सरळ उभी रेघ. दाल म्हणजे वाकलेली. ही रेघ उभी होती, पण खाली थोडी वळल्यासारखी दिसत होती. शाईचं वळण म्हणावं, की कागदाची घडी?

आम्ही भिंग आणलं. भिंगातून घडीही मोठी दिसली आणि वळणही.

कन्या म्हणाली, 'फोटो काढते. एका मिनिटात फोन सांगेल.'

तिनं फोन उचललाही होता. एवढ्यात स्वयंपाकघरातून ही आली, आणि काही न बोलता पुस्तक उचलून पदरानं पुसलं आणि मिटलं. जिच्या सासूनं जन्मभर शंका घेतली आणि जन्मभर तपासून पाहिली नाही, तिची सून ती. कन्येनं फोन खाली ठेवला.

मग आम्ही चहा घेत नव्या वर्षाचे बेत ठरवले. ॲपमधला बावन्नचा आकडा कन्येनं स्वतःच खोडला, आणि किती लिहू म्हणून विचारलं. कायदा त्या ॲपला सापडला नाही. जगातली लाखो पुस्तकं त्यात आहेत म्हणे. ठरलं ते असं : 'स्मृतिचित्रे' पाचव्यांदा, कारण अण्णा हटणार नाहीत. महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी देशातलं पहिलं पुस्तकांचं गाव झालं. ती योजना पुढं वाढवली तेव्हा मराठवाड्यातून वेरूळचं नाव निघालं. तेव्हा थंडी आहे तोवर अण्णांना गाडीत घालून तीस किलोमीटरवरच्या वेरूळला न्यायचं. पुस्तकं मी वाचून दाखवीन. कैलास त्यांना कडेच्या नजरेनंही दिसेल, तेवढा तो मोठा आहे. हिनं 'कालनिर्णय'ची बारा पानं नोंदवायला लावली. आणि माझ्या नावावर वर्षभरात एक कायदा.

रात्री अण्णांचं पांघरूण सारखं करायला गेलो, तर जागे होते. छताकडं बघत म्हणाले, 'लागला का रे शब्द?'

मी गप्प.

'पहिलं अक्षर सरळ आहे का वाकडं?'

मी म्हणालो, 'अण्णा, दाल येतो अकरावा. माझं अजून ते-पर्यंतच झालंय. सध्या मला सरळ अक्षर येतं ते एकच, अलिफ.'

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कुशीवर वळत म्हणाले, 'बरं. मग सावकाश शीक. घाई नाही.'